नववी-दहावीचे अंतर्गत २० गुण नक्की कोणाचे?

नववीची आई
मुलगी नववीत आहे. अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी. शाळेबद्दल मोठं गाऱ्हाणं नाही. शिक्षक मनापासून शिकवतात, फोन केला तर उचलतात. प्रश्न फक्त वह्यांचा आहे, आणि इथे पालकांइतकीच शाळेत नोकरी करणारी मंडळीही आहेत म्हणून विचारते.

यादी देते. मराठी, हिंदी, इंग्रजीच्या स्वाध्याय वह्या. गणित भाग १ आणि भाग २ च्या गृहपाठाच्या दोन वेगळ्या वह्या. विज्ञानाची प्रयोगवही. इतिहासाचा प्रकल्प, भूगोलाची नकाशावही. जलसुरक्षेची कार्यपुस्तिका, शिवाय संरक्षणशास्त्र आणि स्वविकास व कलारसास्वाद यांच्या वह्या. सगळ्यांना तपकिरी कव्हर, लेबल, अनुक्रमणिका, समासाला लाल रेघ. वह्या मागितल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, पण अनुक्रमणिकेत तारखा जूनपासूनच्या हव्यात. म्हणजे त्या मनानेच टाकायच्या.

मुलगी मैत्रिणीच्या वहीचे फोटो बघून उतरवते. मैत्रिणीने गाईडातून उतरवलेलं असतं. नकाशे मी रंगवते, नाहीतर ती रात्री बारापर्यंत जागते आणि सकाळी ७ ची शाळा असते. परवा रात्री साडेनऊला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला: 'वही अपूर्ण असल्यास अंतर्गत गुण शून्य. पालकांनी नोंद घ्यावी.'

हे २० गुण नक्की कशाचे असतात? या वह्या कोणी वाचतं का? आणि शून्य खरंच देतात का? भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

भूमितीवाला
गणित शिक्षक, सातारा जिल्हा, वीसेक वर्षं दहावीच्या वर्गावर.

लेखी ८०, अंतर्गत २०, असे १००. गणिताचे ४०-४० चे दोन पेपर, आणि अंतर्गतमध्ये गृहपाठ व बहुपर्यायी चाचणी. विज्ञानाचेही ४०-४०, अंतर्गत म्हणजे प्रात्यक्षिक. भाषांना तोंडी आणि स्वाध्याय. तुम्ही शेवटी लिहिलेल्या जलसुरक्षा, संरक्षणशास्त्र, स्वविकास या विषयांना श्रेणी मिळते, टक्केवारीत ते धरत नाहीत. नववीचं सगळं मूल्यमापन शाळेचंच. दहावीत हे गुण शाळा देते आणि बोर्डाकडे पाठवते.

शून्याचं म्हणाल तर ती धमकीच. मी आजवर कुणाला शून्य दिलेलं पाहिलं नाही. उलट एखाद्याला १४ दिले तर 'सर, एवढे कमी का?' असं आतूनच विचारलं जातं. तपकिरी कव्हर आणि लाल रेघ बोर्डाने मागितलेली नाही. ती आपापल्या शाळेची परंपरा.

डोंबिवलीकर बाबा
म्हणजे सगळ्यांना १८-१९ मिळणारच आहेत, शिक्षकांनाही माहीत आहे, मुलांनाही माहीत आहे, आणि तरीही पोरं रात्रभर खर्डेघाशी करतात. मग हे बंदच का करत नाही? १०० ची लेखी घ्या. ज्याला येतं त्याला मिळतील. माझ्या मुलाला 'वही आणली नाही' म्हणून दोन तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या दोन तासांत काय शिकला तो?

निवृत्त पर्यवेक्षक
बाबा, बंद करून पाहिले आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१८ ला, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. तो ७७.१० वर आला. पुढे काय झाले ते पुण्या-मुंबईच्या पालकांना आठवत असेल. इतर मंडळांची मुले त्यांच्या शाळांचे अंतर्गत गुण घेऊन अकरावीच्या रांगेत उभी, आणि आपली मुले लेखीवर. ओरड झाली, समिती बसली आणि त्याच वर्षी २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३०.

ही घसरण नीट वाचली पाहिजे. भाषेत २० पैकी १८ मिळाले की लेखीत ८० पैकी १७ आणले तरी ३५ होतात. हा टेकू काढल्याबरोबर किती मुले खाली बसली ते त्या एका वर्षी दिसले. नापास झाली ती बहुतेक तुमच्या-माझ्या घरातली नव्हती. घरी अभ्यास घेणारे कुणी नाही अशी होती.

बाहेर उभे करण्याबद्दल: शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई करते. हा कायदा आठवीपर्यंतचा आहे म्हणून नववीला मोकळे रान, असे कोणत्याही शिक्षकाने समजू नये. मुख्याध्यापकांना लेखी द्या.

आकडेमोड
एक दुरुस्ती. २०२० चा आकडा २०१९ शी थेट लावू नका. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीने दिले. सगळी वाढ अंतर्गत गुणांची नव्हे. आणि २०२१ ला तर परीक्षाच रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचं शाळेतलं मूल्यमापन धरून गुण दिले, निकाल ९९.९५. सगळी सूत्रं शाळेच्या हातात दिली की काय होतं, याचा तो नमुना.

निवृत्त पर्यवेक्षक
भूगोलाचे बरोबर आहे. मान्य.

बीकर आणि बुन्सेन
प्रयोगशाळा सहायक आहे. आमचं मत सहसा कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता देतो.

विज्ञानाची प्रयोगवही ही या यादीतली एकमेव वही जिच्यामागे खरं काही घडलेलं असतं. निदान घडायला हवं. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग घ्या. माझ्याकडची भिंगं दोन-तीन वेगवेगळ्या खरेदीतली आहेत, त्यांची नाभीय अंतरं सारखी नाहीत. तरी वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांत उत्तर १० सेंमी. का? तर पहिल्या बाकावरच्या मुलीचं १० आलं होतं.

एकदा मी बाईंना म्हटलं की भिंगांवर क्रमांक टाकतो, वहीत भिंगाचा क्रमांक लिहायला लावा. एवढंच केलं. पुढच्या तुकडीत १० चे ९.६ झाले, १५.२ झाले, एकाचं २३ आलं. तो घाबरत माझ्याकडे आला, 'काका, चुकलं'. चुकलं नव्हतं, पडद्यावर खिडकीची नाही तर ट्यूबलाइटची प्रतिमा घेतली होती त्याने. वस्तू जवळ असली की प्रतिमा लांब जाते, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याला २० पैकी २० द्यायला हवे होते. किती मिळाले माहीत नाही, गुण देणं माझ्या हातात नाही.

साठ मुलांचा वर्ग, तीन गट केले तरी एका टेबलाशी पाच-सहा जण. दोघं करतात, बाकीचे बघतात आणि एकजण दुसऱ्या गटाच्या मुलीकडे बघतो. हे बदलायला वही नको, तासिका हव्यात.

नववीची आई
सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, आमच्या वर्गाचंसुद्धा १० च आहे.

पण एक कळत नाही. शिक्षकांना पटलेलं नाही, मुलांना पटलेलं नाही, बोर्डाने कव्हर मागितलेलं नाही, तर मग हे चालवतंय कोण?

ऑफिसातले तात्या
चालवतो मी! म्हणजे माझ्या टेबलावरून चालतं. कनिष्ठ लिपिक, माध्यमिक विद्यालय.

रात्री साडेनऊच्या मेसेजचं गुपित सांगतो. संध्याकाळी पाचला वरून निरोप येतो: अमुक माहिती उद्या अकराच्या आत भरा. मुलाचं आधारवरचं नाव, शाळेच्या रजिस्टरातलं नाव आणि आईचं नाव जुळत नाही तोवर पुढचं पान उघडत नाही. अपार आयडीसाठी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) पालकांची संमती हवी, संमतीपत्र दिलं की ते दप्तरात राहतं. मग मी वर्गशिक्षकांना फोन करतो, बाई तेव्हा मतदार यादीच्या कामाला गल्लीबोळात फिरत असतात. त्या घरी पोचतात आठला, जेवण उरकून ग्रुपवर टाकतात साडेनऊला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ही कामं शिक्षकांना देता येतात असं आहे. बाकीची कुठल्या कलमात बसतात ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि शिपाई. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने चतुर्थ श्रेणीची पदं रिकामी होतील तशी रद्द होतात, त्याऐवजी शाळेला भत्ता मिळतो. आमचे मामा निवृत्त झाले तेव्हापासून घंटा मी देतो. गेल्या आठवड्यात एक तास पाच मिनिटं लांबला, कारण मी एका पालकाला बोनाफाईड देत होतो. मुलांनी तक्रार केली नाही, पी.टी.चा तास होता.

वह्यांचं कारण सरळ आहे. उद्या कोणी तपासायला आलं, किंवा एखाद्या पालकाने 'माझ्या मुलाला १५ का' म्हणून अर्ज केला, तर शाळेकडे दाखवायला काहीतरी हवं. वही हा पुरावा. जूनपासूनच्या तारखा त्यासाठीच. कामाशी तिचा संबंध असेलच असं नाही.

दहावी सुटलेला
अकरावीत आहे, परवाच्याच बॅचचा. खरं सांगू? आमच्या इथे वह्या लिहून देणारा दादा होता. अक्षर बदलून लिहायचा, वहीमागे पैसे. प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचे, फक्त पहिलं पान बदलायचं. 'पाणी वाचवा' वर आमच्या वर्गात नऊ सारखे प्रोजेक्ट होते, दहाव्यात मुखपृष्ठावरचा नळ निळा होता.

तोंडी परीक्षा म्हणजे नाव सांग, आवडता खेळ सांग, जा. १९.

पण हिंदीच्या सरांचं वेगळं होतं. शुक्रवारच्या तासाला दोघांना उभं करायचे, तीन मिनिटं कशावरही बोला, क्रिकेट चालेल, पबजी चालेल, फक्त हिंदीत. आधी सगळे खिदळायचे. मार्चपर्यंत माझी चार वेळा पाळी आली. तोंडीचे गुण त्यावरूनच दिले. मला १६ मिळाले आणि मी भांडलो नाही, कारण पहिल्या दोन वेळा मी खरंच माती खाल्ली होती.

खडू-डस्टर
मराठी शिकवते, नववी-दहावीच्या तीन तुकड्या. जरा सविस्तर लिहिते, कारण 'वह्या कोणी वाचतं का' हा प्रश्न मला टोचला.

एका तुकडीत साठ मुलं धरा. १८० वह्या. एका वहीला नुसती दोन मिनिटं दिली तरी सहा तास. रोजच्या तासिका घेऊन उरलेला मोकळा तास एखादा, तोही कुणी रजेवर असेल तर बदलीवर जातो. म्हणून वहीवर 'पाहिले' लिहून सही होते. 'वाचले' असं आम्ही लिहीत नाही, हे लक्षात आलंय का कुणाच्या? आपल्या परीने प्रामाणिक आहोत.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या विषयापुरतं बदललं. कव्हर, अनुक्रमणिका, लाल रेघ, सगळं ऐच्छिक. स्वाध्याय घरून आणायचा नाही. महिन्यातून एक तास वर्गातच लिहायचा, एक पान, मी फळ्यावर देईन तो विषय. 'आमच्या गल्लीतला आवाज', 'आजीला न पटलेली गोष्ट', 'बसचा पास हरवला त्याचा अर्ज' असे. तास संपला की पानं माझ्याकडे. एक पान वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही आणि वाचावंसं वाटतं, कारण साठ पानं साठ तऱ्हेची असतात. श्रवणासाठी वर्तमानपत्रातला एखादा उतारा एकदाच वाचते आणि पाच प्रश्न विचारते. भाषणाला दहावी सुटलेल्याच्या हिंदीच्या सरांसारखंच, पाळीपाळीने.

आता खरी गंमत. मुलांना आवडलं. गुण प्रामाणिकपणे दिले, तर काहींना १८ ऐवजी १३-१४ पडले. आणि पालक आले. नुसते आले नाहीत, मुख्याध्यापकांकडे गेले. 'शेजारच्या शाळेत सगळ्यांना १९ आहेत, आमच्या मुलांनी काय घोडं मारलंय?' त्यात असेही होते जे आदल्या वर्षी 'वह्यांचा जाच बंद करा' म्हणून आले होते.

डोंबिवलीकर बाबा
बाई, मी पण आलो असतो. स्पष्ट सांगतो. अकरावीची यादी दशांश अपूर्णांकावर लागते. दोन भाषा आणि सामाजिक शास्त्रात पाच-पाच गुण गेले तर ५०० पैकी १५ गेले, म्हणजे तीन टक्के. तीन टक्क्यांत हवं ते कॉलेज हातचं जातं. तुमची तत्त्वं उत्तम, पण त्याची किंमत माझ्या पोराने का द्यायची?

खडू-डस्टर
तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. एकटी शाळा खरं वागली तर तिच्याच मुलांचं नुकसान होतं. आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाल्यापासून हे मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही. आमच्या तालुक्यातले पालकही आता दशांश मोजतात.

वाचनमात्र
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

भूमितीवाला
यावर मी एक वाट काढली आहे, बाई. काम खरं घ्यायचं, पण पुन्हा पुन्हा संधी द्यायची. बहुपर्यायी चाचणी मी एकदाच घेत नाही. भूमितीची वर्षातून चार घेतो, वेगवेगळ्या प्रश्नांच्या, आणि त्यातली सर्वांत चांगली धरतो. पहिल्या चाचणीत पायथागोरसवर निम्मा वर्ग आपटतो. चौथ्यापर्यंत बहुतेकांना १७-१८ पडतात, आणि ते त्यांचे स्वतःचे असतात. गुण शेजारच्या शाळेइतकेच, पण मधल्या काळात त्याने चार वेळा अभ्यास केलेला असतो. पालक येत नाहीत, मुख्याध्यापक खूष, बोर्डाची पद्धतही मोडत नाही.

गृहपाठाचंही तसंच. रोजची पन्नास गणितं देत नाही. आठवड्याला पाच, पण फळ्याशी येऊन त्यातलं एक कुठलंही सोडवायचं. वही कुणाचीही बघून लिही, फळ्याशी तुला एकट्यालाच उभं राहायचंय.

खर्च फक्त माझ्या वेळेचा. चार प्रश्नसंच करायला सुट्टी गेली, ते खरं.

बीकर आणि बुन्सेन
सर, फळ्याशी उभं राहण्यात एक धोका आहे. काही मुलं थिजतात.

बव्हेरियातून
धागा वाचून राहवलं नाही. आम्ही जर्मनीत आहोत, मुलगा इथल्या माध्यमिक शाळेत. इथे वर्गातला तोंडी सहभाग प्रत्येक विषयाच्या श्रेणीत मोजतात. हात किती वेळा वर केला, काय बोललास. वही कोणी विचारत नाही. ऐकायला छान. पण माझा मुलगा मुळात अबोल. लेखीत अव्वल, आणि दर पालकभेटीला एकच वाक्य: 'वर्गात आणखी बोलायला हवं'. घरी येऊन म्हणतो, मला उत्तर येतं, पण दुसऱ्याने आधी दिलं की पुन्हा तेच कशाला बोलू? तेव्हा वही गेली की जाच गेला असं नाही, तो दुसऱ्या मुलांकडे सरकतो.

ऑफिसातले तात्या
'आमच्याकडे असं असतं'ने सुरू झालेला आणि तरीही उपयोगी निघालेला प्रतिसाद. या धाग्याची मोठीच कमाई.

उलटी अक्षरं
मी वेगळ्या बाजूची आई. मुलाला डिसग्राफिया आहे, प्रमाणपत्र आहे. बोलायला लावा, तो शिवाजी महाराजांच्या आरमारावर अर्धा तास बोलेल. लिहायला दिलं की एका पानाला एक तास आणि हात दुखून रडू.

दहावीला बोर्डाच्या सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक. शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवला की मिळतात. पण त्या परीक्षेच्या दिवसांपुरत्या. वर्षभराच्या अकरा वह्यांना सवलत कोण देणार? तिथे नियम एकच: सगळ्यांनी पूर्ण करायच्या. मी लिहून देते. अक्षर माझं आहे हे शाळेला दिसतं, मला माहीत आहे की त्यांना दिसतं, आणि कोणीच काही बोलत नाही. मुलगा तेवढा सगळं बघत असतो.

खडू-डस्टर
ताई, तुमच्या मुलासारखा एक माझ्याकडे आहे. महिन्याचं पान तो मला बोलून दाखवतो, मधल्या सुट्टीत, आणि मी त्याच्या देखत मुद्दे टिपून घेते. स्वाध्यायाचे गुण त्यावर. तसं करू नका असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही वर्गशिक्षकांना प्रमाणपत्राची प्रत आणि एका ओळीचा अर्ज द्या: 'लेखी स्वाध्यायाऐवजी तोंडी किंवा टंकलिखित स्वीकारावा.' अर्ज म्हणजे तात्या म्हणतात तो पुरावा. मग शिक्षकालाही हो म्हणायला बळ मिळतं.

बव्हेरियाच्या ताईंच्या मुलासारखीही असतात, म्हणून मी लिहिणं काढून टाकलेलं नाही. थोडं लिहा, थोडं बोला, थोडं ऐका. कुणाचं तरी काहीतरी जमतं.

निवृत्त पर्यवेक्षक
धागाकर्तीने हे सगळे शिक्षक-पालक संघात मांडावे. पालक या संघाला फक्त स्नेहसंमेलनाच्या नाश्त्यापुरते ओळखतात. शुल्क नियमनाच्या २०११ च्या कायद्याने त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची आहे, प्रत्येक इयत्तेतून पालक प्रतिनिधी हवा. कायदा शुल्कासाठी आहे हे खरे, पण समिती एकदा टेबलाशी बसली की तिने फक्त शुल्कावरच बोलावे असे कुणी म्हणत नाही.

डोंबिवलीकर बाबा
चिठ्ठ्या? आमच्याकडे तेच चार चेहरे पाच वर्षं आहेत. एक तर गणवेशाच्या दुकानदाराचा मेहुणा.

निवृत्त पर्यवेक्षक
मग मुख्याध्यापकांना शांतपणे विचारा की सोडत कोणत्या तारखेला काढली आणि कार्यवृत्त कुठे पाहायला मिळेल. आवाज चढवू नका. नुसता प्रश्न पुरतो.

नववीची आई
महिनाभराने लिहिते आहे, क्षमस्व.

संघाच्या सभेत विषय घेतला. एकटी नव्हते, वर्गातल्या आणखी काही आया आल्या. आम्ही 'वह्या बंद करा' म्हटलं नाही. इथलं वाचून तीनच गोष्टी मागितल्या: कव्हर-अनुक्रमणिका-लाल रेघ ऐच्छिक करा, महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या विषयांच्या कामाची एकच यादी द्या, आणि रात्री आठनंतर ग्रुपवर काम टाकू नका.

मुख्याध्यापक बाईंनी पहिली गोष्ट जागेवर मान्य केली, थोड्या हसल्यासुद्धा. यादीबद्दल म्हणाल्या की विषयशिक्षकांना एकत्र बसवावं लागेल, डिसेंबरपासून बघू. डिसेंबरची यादी आली, त्यात भूगोल आणि हिंदी आहेत, बाकीच्यांचं 'नंतर कळवू'. तिसऱ्यावर त्यांनी हात टेकले: 'वरून निरोप येतो त्याची वेळ माझ्या हातात नाही.' मी तात्यांचा प्रतिसाद आठवून गप्प बसले. शेवटी ठरलं ते असं की ऑफिसची माहिती रात्री मागितली तर चालेल, मुलांचं काम मात्र शाळेतच फळ्यावर सांगायचं.

शून्याचा मेसेज कोणी टाकला यावर कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. जूनपासूनच्या तारखांचं मी काढलं, तेव्हा एक सर म्हणाले, 'तेवढं राहू द्या, तपासणीला लागतं.' ते तसंच राहिलंय. मुलगी काल जुलै महिन्याच्या तारखा टाकत होती.

भिंगांना क्रमांक टाकायची कल्पना विज्ञानाच्या बाईंना सांगितली. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

बीकर आणि बुन्सेन
क्रमांक तेल-रंगाने टाका म्हणावं, काचेच्या कडेला. मार्करने टाकला तर दोन तुकड्यांत पुसला जातो. आणि मधोमध टाकू नका, एका शाळेत मी तेही पाहिलंय.

भूमितीवाला
धागाकर्ती, तुमच्या गणिताच्या सरांना हवे असतील तर भूमितीचे चारही प्रश्नसंच देतो, निरोप टाका. समरूपता आणि वर्तुळ या दोन प्रकरणांचे अजून कच्चे आहेत, ते जानेवारीत.

उलटी अक्षरं
अर्ज दिला. इतिहासाच्या सरांनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत बोलावलंय त्याला. आरमार घेऊ की किल्ले, असं विचारत बसलाय सकाळपासून.

दहावी सुटलेला
किल्ले घे म्हणावं. आरमारावर सर उलटे प्रश्न विचारतात.